हिरडीखालचं झिजलेलं हाड परत येतं का? 'स्टेम सेल'चे पावणेदोन लाख सांगितलेत

तापीपलीकडचा, ९ एप्रिल, रात्री १०:४०

राम राम मंडळी. मी चोपड्याचा, शाळेत शिकवतो, वय ४७. दोनेक वर्षांपासून ब्रश करताना रक्त यायचं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून ब्रश बदलला, पेस्ट बदलली आणि विषय सोडून दिला. मागच्या महिन्यात कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला तर खालचा पुढचा दात आत झुकल्यासारखा झाला. आता जिभेने ढकलला तरी हलतो. वर्गात 'त्र' म्हणताना भीती वाटते.

गावातल्या डॉक्टरांनी पायरिया सांगितला आणि मोठ्या शहरात दाखवायला सांगितलं. तिथल्या एका चकचकीत दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड मुळांच्या निम्म्यापर्यंत उतरलंय म्हणे. "काळजी नको सर, तुमच्याच स्टेम सेल वापरून हाड परत उगवू." चार दातांचे १ लाख ७५ हजार. वर सल्ला असा की माझ्या धाकटीचे दुधाचे दात पडायला लागलेत ते साठवून ठेवा, पुढे आयुष्यभर उपयोगी पडतील. त्याचे ६० हजार वेगळे.

आमची ही म्हणते, दात महत्त्वाचे, सोसायटीतून कर्ज काढू. मला काही उलगडत नाहीये. असं खरंच होतं का? कोणी केलंय का?

---

कळणाभाकरी_आप्पा, ९ एप्रिल, रात्री ११:०५

इतला पैसामा तं दुभती म्हैस ई जाई भो. कवळी बसाडी टाक. भरीत मऊच ऱ्हास.

---

भुसावळ_जंक्शन, ९ एप्रिल, रात्री ११:१२

आप्पा, भरीत मऊ असतं पण त्यातल्या शेंगदाण्याचं काय? कवळीखाली एक दाणा गेला की माणूस देवाचं नाव घेतो. आमच्या वडिलांची कवळी जेवताना शर्टाच्या खिशात असते.

सर, घाई करू नका. हिरडीवाली ताईंना हाक मारतो, त्या धुळ्याच्या आहेत आणि ह्याच विषयाच्या डॉक्टर आहेत.

---

नेटवरचा_मुकादम, १० एप्रिल, सकाळी ७:३०

होतं. मी वाचलंय. जपानमध्ये दाताच्या पेशींचे पातळ पापुद्रे तयार करून हिरडीत बसवलेत, हाड आलंय. आपल्याकडे प्रत्येक नव्या गोष्टीला 'फसवणूक' म्हणायची सवय आहे. मोबाईल आला तेव्हाही हेच म्हणत होते. पैसे असतील तर करून टाका सर.

---

पिलबाग, १० एप्रिल, सकाळी ८:१५

मी रावेरचा, केळीवाला. मला एक अडाणी प्रश्न पडलाय. आम्ही कंद लावायचं सोडून टिश्यू कल्चरची रोपं लावतो. एका चांगल्या झाडाचा शेंडा घेतात, बाटलीत वाढवतात आणि हजारो रोपं तयार होतात, सगळी एकसारखी. मग दाताचं टिश्यू कल्चर करून तोंडात लावायला काय हरकत? ठिबक तर लाळेचं आहेच.

---

भुसावळ_जंक्शन, १० एप्रिल, सकाळी ८:२०

आणि दोन वर्षांनी दाताचा खोडवा धरायचा 😄

---

हिरडीवाली, १० एप्रिल, रात्री ९:५०

दिवसभर ओपीडी होती, आत्ता बसले. जरा लांब लिहिते.

सर, आधी हाड जातं कसं ते सांगते. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांची एक गादी असते, अस्थिबंध म्हणतात तिला. दात त्या धाग्यांवर टांगलेला असतो, म्हणून चावताना दणका बसत नाही. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो, तो घट्ट होऊन किटण होतं. शरीर त्या जंतूंशी लढायला जातं, पण लढाई वर्षानुवर्षं चालते आणि त्या सुजेमुळे हाड खाणाऱ्या आपल्याच पेशी जाग्या होतात. म्हणजे जंतू निमित्त, हाड आपलं शरीरच मागे घेतं. हे बहुतेक वेळा दुखत नाही. दुखलं असतं तर तुम्ही दोन वर्षं थांबला असता का?

आता स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी. हे थोतांड नाही. दाताच्या गरात अशा पेशी असतात हे २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. २००३ साली त्यांच्यातल्याच सोंगताओ शी यांनी दुधाच्या दातातही त्या सापडल्याचं मांडलं. सुरुवात झाली ती त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या पडलेल्या दातापासून. २००४ साली मी वर म्हटलेल्या अस्थिबंधातल्या पेशी मिळाल्या. आपल्या कामाच्या खऱ्या ह्याच, कारण त्यांच्यापासून हाड, धागे आणि मुळावरचं सिमेंटासारखं आवरण असं तिन्ही तयार होऊ शकतं. नुसतं हाड भरून भागत नाही. धागे एका टोकाला मुळात आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुतले तरच दात धरला जातो.

मुकादम भाऊ म्हणतात ते टोकियोचं काम खरं आहे. काढलेल्या दाताच्या मुळावरून पेशी घेतल्या, त्यांचे पापुद्रे वाढवले, तीन पापुद्र्यांचा थर मुळाला लावला आणि खड्ड्यात कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले. २०१८ साली छापून आलं. रुग्ण होते १०. हाड आलं, त्रास झाला नाही. पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता.

तुलना केली चीनमध्ये शिआनच्या डॉक्टरांनी, २०१६ साली. ३० रुग्ण, ४१ दात. अर्ध्यांना हाडाची भुकटी आणि पेशी, अर्ध्यांना नुसती भुकटी. हाड दोन्हीकडे वाढलं, पण दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पेशींनी अपाय केला नाही एवढं मात्र दिसलं. इटलीत तूरिनला दाताच्या गरातल्या पेशी वापरून केलेल्या अशाच तुलनेत पेशीवाला गट पुढे होता. थोडक्यात, अजून खल चालू आहे. दुकानात ठेवायचा माल झालेला नाही.

पिलबाग काका, प्रश्न अडाणी नाही, मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देणार आहे. केळीच्या शेंड्यातून अख्खं झाड होतं. माणसाच्या ह्या पेशींची धाव तेवढी नाही, त्या दोनचार प्रकारच्या पेशी होऊ शकतात, अख्खा दात नाही. आणि तुमची रोपं बाटलीतून काढून थेट शेतात लावता का?

---

पिलबाग, १० एप्रिल, रात्री १०:१०

नाही ना ताई. आधी हार्डनिंग, मग शेडनेटमध्ये पिशवीत, मग शेत. थेट लावली तर एप्रिलच्या उन्हात संध्याकाळपर्यंत मान टाकतील.

---

हिरडीवाली, १० एप्रिल, रात्री १०:१८

तेच. सुजलेल्या, पू धरलेल्या हिरडीत ह्या पेशी टाकणं म्हणजे मे महिन्यात बाटलीतलं रोप उघड्यावर लावणं. आधी जमीन तयार करावी लागते. त्या जमिनीला आमच्याकडे साफसफाई म्हणतात, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

सर, दोन कामं करा. त्या दवाखान्याच्या अंदाजपत्रकावर नेमकं काय लिहिलंय ते शब्दाला शब्द इथे टाका. आणि उद्या उपाशीपोटी शुगर, सोबत तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या.

---

निंबाची_काडी, ११ एप्रिल, सकाळी ६:१५

आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही. निंब नाहीतर बाभळीची काडी, झोपताना मीठ-तेल. ८५ व्या वर्षी ऊस सोलून खायचे. हे सगळे रोग पेस्ट आल्यापासूनचे. सर, तुरटीच्या पाण्याने आठ दिवस चूळ भरा, दात आवळले जातील.

---

गिरणाकाठची, ११ एप्रिल, सकाळी ९:००

दादा, आजोबांचं कौतुक आहेच. पण आजींचे दात किती होते हो? आमच्या सासूबाई पण 'जुन्या वळणाच्या'. पहाटे चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजायच्या, काळी झाली की चुरून डबीत. सकाळी एकदा, दुपारी जेवण झालं की एकदा, आणि कोणी शेजारीण आली तर तिच्यासोबत एकदा. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायच्या. पन्नाशीत वरचे सगळे दात गेले. एकही किडलेला नव्हता! पांढरेशुभ्र, अख्खे, मुळासकट हातात यायचे. कौलावर फेकायला म्हणून त्या कागदात बांधून ठेवायच्या. तेव्हा आम्हाला वाटायचं वयामुळे गेले.

---

हिरडीवाली, ११ एप्रिल, दुपारी २:२०

गिरणाकाठची ताई, हे 'किडलेला नसून पडला' म्हणजेच पायरिया. आणि तंबाखूची गंमत अशी की बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत हाड उतरत असतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांची तोंडं बघितली तर बंदी कुठे आहे ते शोधावं लागतं.

काडीवाले दादा, तुरटीने हिरडी आवळते, हाड नाही. चार दिवस बरं वाटतं आणि तेवढेच दिवस वाया जातात. निंबाच्या काडीला माझा विरोध नाही, नीट चावून कुंचला केला तर बाहेरची बाजू चांगली निघते. पण पायरियात दात आणि हिरडीच्या मध्ये खळगा पडतो, त्या सात मिलिमीटर खोल खळग्यात काडीही जात नाही आणि ब्रशही नाही.

---

निंबाची_काडी, ११ एप्रिल, दुपारी २:४०

आजीचे दात नव्हते. कबूल.

---

तापीपलीकडचा, १२ एप्रिल, रात्री ९:३०

कागद काढून बघितला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे: "फ्लॅप सर्जरी, हाडाची भुकटी, पीआरएफ (स्वतःच्या स्टेम सेल), ४ दात." खाली दुधाच्या दातांचं वेगळं.

साखरेचा रिपोर्ट उद्या येईल. खरं सांगू का, तपासायला जायचं जिवावर आलं होतं. घरात वडिलांना होती.

---

हिरडीवाली, १२ एप्रिल, रात्री १०:३०

अंदाज होताच. फ्लॅप सर्जरी म्हणजे हिरडी उघडून केलेलं ऑपरेशन. आणि पीआरएफ म्हणजे स्टेम सेल नव्हेत, सर.

तुमच्या दंडातून साधारण १० मिली रक्त काढतात, नळीत घालून यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवतात. नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात. तळाला लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मध्ये खोबऱ्याच्या मलईसारखी एक गुठळी. चिमट्याने ती उचलायची, दाबून पापुद्रा करायचा आणि जखमेत ठेवायचा. २००१ साली फ्रान्समध्ये ही पद्धत निघाली. चांगली आहे, मीही वापरते. जखम लवकर भरते, काही प्रकारच्या खड्ड्यांत हाड यायलाही मदत होते. पण ती रक्ताची गुठळी आहे, दाताच्या पेशींची शेती नाही. खऱ्या पेशी वाढवायला खास प्रयोगशाळा लागते आणि काही आठवडे जातात. रक्त काढून त्याच दुपारी 'स्टेम सेल' तयार होत नाहीत.

नियमही ऐका. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडे स्टेम सेलचा मान्य उपचार एकच, रक्ताच्या आजारांसाठी होणारं रक्तपेशींचं प्रत्यारोपण. बाकी सगळं, दातासकट, फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच, म्हणजे रुग्णांवरच्या प्रयोगात. अशा चाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही नेटवर कुणालाही फुकट बघता येते. आणि चाचणी असेल तर त्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नसतात. म्हणून कोणी 'स्टेम सेल' म्हणून पावती फाडत असेल तर पहिला प्रश्न विचारायचा, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय?

दुधाच्या दातांचं तर सरळच आहे. त्याच सूचनांत व्यावसायिक साठवणुकीला परवानगी आहे ती नाळेतल्या रक्ताला. दातांच्या पेशींच्या धंदेवाईक बँकेला नाही.

---

भुसावळ_जंक्शन, १२ एप्रिल, रात्री १०:४१

म्हणजे दुधाचे दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचे हीच अधिकृत पद्धत. ६० हजार वाचले. सर, पार्टी.

---

गिरणाकाठची, १२ एप्रिल, रात्री १०:४५

आता कौलं कुठे राहिलीत? आमच्या मुलाने स्लॅबवर फेकला, दुसऱ्या दिवशी तोच झाडताना खाली आला. रडून गोंधळ, म्हणे उंदराने परत पाठवला.

---

नेटवरचा_मुकादम, १३ एप्रिल, सकाळी ७:१०

ताई, नियम मान्य. पण मग तुम्ही लोक 'हाड येत नाही' असं सरसकट सांगून माणसाला घाबरवता, तेही बरोबर नाही. माझ्या चुलतभावाचं नाशिकला ऑपरेशन झालं, भुकटी भरली, तीन वर्षं झाली. दात दगडासारखा आहे, एक्स-रेमध्ये हाड दिसतं. मी स्वतः पाहिलंय.

---

हिरडीवाली, १३ एप्रिल, दुपारी १:४५

मुकादम भाऊ, 'येत नाही' असं मी कुठे म्हटलं? वर परत वाचा. पण मुद्दा चांगला काढलात, हे सांगायचं राहिलंच होतं.

हाड दोन तऱ्हांनी उतरतं. एक, विहिरीसारखं. एका दाताच्या एका बाजूला खोल खड्डा, पण भोवती हाडाच्या भिंती शाबूत. अशा विहिरीत भुकटी, पडदा, पीआरएफ काहीही भरलं तर टिकतं, कारण धरून ठेवायला भिंती असतात. तुमच्या भावाचं बहुधा असंच असणार. दुसरं, तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसं, सगळीकडे सारखं. तिथे भिंतच नाही. उघड्या माळावर माती टाकली तर पहिल्या पावसात वाहून जाते. आज भुकटीने तिथे फारसं काही होत नाही आणि वर सांगितलेल्या तिन्ही प्रयोगांत पेशी वापरल्या त्याही विहिरीसारख्या खड्ड्यांतच.

सर, तुमच्या एक्स-रेचा फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

---

नेटवरचा_मुकादम, १३ एप्रिल, दुपारी २:०५

विहीर-तळं पटलं. मोबाईलवालं वाक्य मागे घेतो.

---

तापीपलीकडचा, १३ एप्रिल, रात्री ८:५०

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी ९.१. हिला अजून सांगितलं नाही. इथे आधी लिहितोय.

---

पिलबाग, १३ एप्रिल, रात्री ९:०५

सर, घाबरू नका. माझी १०.४ होती, आता ६.८ वर आहे. केळी सोडावी लागली हे दुःख वेगळं. घरात १२ हजार झाडं आणि मालक पेरू खातो. पण वहिनींना आजच सांगा, उद्यावर नको.

---

हिरडीवाली, १३ एप्रिल, रात्री ९:४०

एक्स-रे बघितला. सर, तीन दातांचं तळं आहे, एका दाढेची विहीर. म्हणजे चारपैकी तीन ठिकाणी त्या ऑपरेशनचा उपयोग बेताचाच होता. आणि ९.१ वर मी कुणालाही चाकू लावला नसता. साखर वाढलेली असली की हिरडी भरत नाही, आणि हिरडी सुजलेली असली की साखरही हट्टाला पेटते. दोन्ही एकमेकांचे हात धरून असतात.

आधी फिजिशियन. मग हिरडीखालची खोल सफाई, दोन-तीन बैठकांत. मग दीड-दोन महिने थांबून परत मोजणी. विहिरीचं काय करायचं ते तेव्हा ठरवू. लांब पडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे हे सगळं नीट होतं आणि खर्चही बेताचा.

आणि कोणीतरी सांगेलच म्हणून आधीच सांगते: सफाईने दात सैल होत नाहीत. किटणाने फटी बुजलेल्या असतात, ते निघालं की फटी उघड्या पडतात आणि माणसाला वाटतं डॉक्टरने दात ढिले केले.

---

कळणाभाकरी_आप्पा, १३ एप्रिल, रात्री ९:५५

मी तेच सांगणार व्हतू. ताईनी तोंडच बंद करी दिधं.

---

तापीपलीकडचा, २१ जून, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, माफ करा. शाळा सुरू झाली त्यात अडकलो होतो.

त्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा मी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. बाई म्हणाल्या, सरांना विचारून सांगते. मग फोन नाही.

अजिंठ्याच्या घाटातून तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसलो तर एक शिकाऊ डॉक्टर मुलगी बारीक खुणा असलेली सळई हिरडीत घालून खळग्याच्या खोलीचे मिलिमीटरमधले आकडे सांगायची आणि दुसरा मुलगा लिहून घ्यायचा. "तीन, चार, सात. तीन, पाच, सहा." प्रत्येक दाताचे सहा आकडे. वर्गात मी मुलांचे गुण असेच वाचून दाखवतो, फक्त इथे जास्त आकडा म्हणजे नापास. तीनपर्यंत पास. माझे एकोणीस दात नापास होते.

सफाईच्या वेळी सुन्न केलं होतं, दुखलं नाही, पण तो खरवडण्याचा आवाज डोक्याच्या कवटीत येतो. शेवटी त्या मुलीने कापसावर ठेवून एक किटणाचा तुकडा दाखवला. काळा, तुरीच्या डाळीएवढा. हा दोन वर्षं माझ्या तोंडात होता.

पुढचा खालचा एक दात काढावाच लागला. बाकीच्या दोघांना आतून तारेने शेजाऱ्यांशी बांधलंय. गेल्या सोमवारी परत मोजलं, सातचे बरेचसे चार-पाचवर आलेत, रक्त जवळपास थांबलं. हाड आलेलं नाही, हिरडी घट्ट बसलीय एवढंच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साखर ७.६. दाढेच्या विहिरीचं साखर ७ च्या खाली आली की बघू म्हणाले, भुकटी आणि पीआरएफच वापरतील. कागदावर तेच दोन शब्द लिहिलेत, कंसात काही नाही.

हिला त्याच रात्री सांगितलं होतं. चार दिवस अबोला, आता घरात साखरेचा डबा माळ्यावर आहे.

एक अडचण आहे. दातांच्या फटीत घालायचे ते छोटे, बाटली धुवायच्या ब्रशसारखे ब्रश दिलेत. दोनच होते, वाकून गेले. चोपड्यात चार मेडिकलवर विचारलं, एकाने मला शाईचा ब्रश दाखवला. कुठे मिळतील?

---

भुसावळ_जंक्शन, २१ जून, रात्री १०:२८

इथे स्टेशनजवळ मिळतात. कोणत्या मापाचे ते पाकिटावरच्या रंगासकट सांगा. रविवारी यावलला येतोय, तिथून तुमच्याकडे. जेवायला थांबेन, गोड करू नका.

---

हिरडीवाली, २१ जून, रात्री १०:५०

एकाच मापाचे आणू नका. दाढांना जाडे, पुढच्यांना बारीक. फटीत अडकला तर रेटायचा नाही, एक माप खाली यायचं. तार बांधलेल्या दातांमध्ये सगळ्यात बारीक.

---

कळणाभाकरी_आप्पा, २१ जून, रात्री ११:०२

जंक्शन भो, मनाकर्ता बी एक पाकिट लई ये. जाडं.